अहो, नव्याकोऱ्या खेळण्याला गंज लावतात म्हणे!

कानावर आलंय ते सांगते, पण आधी दार लोटून घ्या.

चांगली शिकलीसवरलेली, घराचे हप्ते वेळेवर भरणारी, पालकसभेला पहिल्या रांगेत बसणारी माणसं हल्ली रात्री जेवणं आटोपली की बाल्कनीत उकिडवी बसतात आणि खेळण्यांना रंग फासतात. पोरांच्या नव्हे, स्वतःच्या! नवीकोरी, लालपिवळी, चकचकीत प्लास्टिकची बंदूक विकत आणायची, तिचे स्क्रू काढायचे, पॉलिश पेपरनं तिचं अंग खरवडायचं, वर काळा रंग मारायचा आणि मग तिच्यावर गंज चढवायचा. गंज! आपल्या आयांनी चिंच, राख आणि मनगटाचा जोर लावून घरातला जो कळकटपणा जन्मभर घालवला, तो ही मंडळी बारीक ब्रशानं, जीभ दाताखाली धरून, पुन्हा लावताहेत. लावून झाला की हात लांब करून बघतात आणि उसासा टाकतात, ‘छे, अजून नवीन दिसतंय.’

कशासाठी म्हणून विचाराल, तर हा म्हणे ‘प्रॉप’. सिनेमातल्या, कॉमिकमधल्या किंवा गेममधल्या एखाद्या पात्राचा वेष चढवून मिरवायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. आता वेष केला की हातात काहीतरी लागतंच. परग्रहावरच्या राक्षसाला मारायला निघालेला माणूस कापडी पिशवी घेऊन कसा जाईल? खरं शस्त्र नेलं तर दारातूनच परत पाठवतात, आणि हुबेहूब प्रतिकृती परदेशातून मागवावी तर किंमत ऐकून घरातलं माणूस दारातून परत पाठवतं. मग उरतं खेळण्याचं दुकान. दीडशे-दोनशे रुपयांत काम भागतं. भागतं असं आपलं म्हणायचं. हिशेब पुढे सांगते.

2011 साली दिल्ली हाटमध्ये कॉमिक कॉनचा मेळा भरला, पाठोपाठ तो मुंबईत आला, आणि तेव्हापासून आपल्याकडे या मंडळींना राजरोस मिरवायची जागा मिळाली. त्या दिवसांत लोकलनं प्रवास केलात तर समजेल. डब्यात चंदेरी चिलखतातला एक योद्धा चढतो, खांद्यावर हातभर लांब तोफ, आणि अत्यंत नम्रपणे म्हणतो, ‘काका, जरा सरकून घ्या ना.’ काकाही सरकतात. तोफेला रंग लागलेला असेल या भीतीनं.

लोण आलं कुठून

मूळ शोधायचं तर 1939पर्यंत मागे जावं लागतं. न्यूयॉर्कला विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं होतं. संमेलन म्हटलं की माणसानं इस्त्रीचे कपडे घालावेत, भाषणं ऐकावीत, जेवणाला नावं ठेवावीत. पण फॉरेस्ट अॅकरमन नावाचे गृहस्थ आणि त्यांची मैत्रीण मर्टल डग्लस हे दोघं चक्क भविष्यकाळातले कपडे घालून अवतरले. कपडे बाईंनी स्वतः शिवलेले. दुसऱ्या कुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. यांना मात्र अनुयायी मिळाले आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. संसर्ग म्हणतात तो हाच!

या घराण्याच्या शाखा पुष्कळ, पण खेळणी रंगवण्याचं व्यसन सगळ्यात जास्त भिनलं ते स्टीमपंकवाल्यांत. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं 1987 साली एका मासिकाला लिहिलेल्या पत्रात अर्धवट थट्टेनं हे नाव सुचवलं आणि ते चिकटलं. यांची समजूत अशी, की वाफेचं इंजिन कधी निवृत्त झालंच नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली वाफ, पितळ आणि चामडं यांच्याच जोरावर जग पुढे गेलं. विमान वाफेवर, गणकयंत्र वाफेवर, पिस्तूलही वाफेवर. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न हा यांना गुरुस्थानी. आणि हा व्हर्न तरी काय साधा होता? 1880च्या एका कादंबरीत त्यानं वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हिंदुस्थानात फिरवला आणि खलनायक म्हणून कुणाला उभं केलं, तर आपल्या नानासाहेब पेशव्यांना! सदाशिव पेठेला हे वेळेवर कळलं असतं, तर पॅरिसला निषेधाची पत्रं टपालखर्चासकट गेली असती.

इंग्लंडमधल्या लिंकन गावात 2009 पासून या स्टीमपंकवाल्यांचा मोठा उत्सव भरतो. उंच टोप्या, पितळी चष्मे, कमरेला वाफेची पिस्तुलं. आता एवढी शस्त्रं जमल्यावर द्वंद्व व्हायला नको? होतं ना. चहाचं. समोरासमोर दोघं बसतात, बिस्किट चहात बुडवतात, पाच मोजेपर्यंत धरतात, बाहेर काढतात, आणि न मोडता, न सांडता जो सगळ्यात शेवटी ते तोंडात टाकेल तो जिंकला. कमरेची पिस्तुलं कमरेलाच राहतात. पार्ले-जीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना या स्पर्धेची कुणी खबरच दिली नाही, हा खरा अन्याय. न्यूझीलंडच्या ओमारू गावानं तर स्टीमपंक हीच गावाची ओळख करून टाकली आहे. तिथे 2011 पासून भंगारातून उभ्या केलेल्या यंत्रांचं एक अख्खं संग्रहालय आहे, आणि वरकडी म्हणजे लोक तिकीट काढून ते भंगार बघतात.

या सगळ्या कमरांना लटकलेल्या पिस्तुलांची वंशावळ काढली, तर मात्र मामला गडबडीचा निघतो. 1969-70च्या सुमारास रेन गायर या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून घरातल्या घरात फेकता येईल असा मऊ फोमचा चेंडू निघाला. काच फुटू नये, फुलदाणी पडू नये, हा त्यामागचा सात्त्विक हेतू. नाव नर्फ. चेंडूमागून त्याच नावाच्या फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका आल्या, आणि 2005 साली ‘मॅव्हरिक’ नावाचं सहाबारी पिस्तूल आलं. गोल फिरणारी सहा गोळ्यांची चकरी, ती बाजूला उघडते, आकार जाडजूड आणि जुन्या काउबॉयच्या सिनेमातला. आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी काढलेलं हे स्वस्त खेळणं स्टीमपंकवाल्यांनी असं काही उचललं, की एके काळी संमेलनात कुठेही नजर टाकावी तर पितळी रंगातली तीच मॅव्हरिक दिसायची. एखाद्या लग्नात पाच बायकांनी एकाच सेलमधली तीच साडी नेसून यावं आणि प्रत्येकीनं ‘आमची खास विणून घेतलेली’ म्हणावं, तसला प्रकार.

सिनेमावाल्यांची अंडीपिल्ली

‘ही हौशी माणसं, यांना काय कळतंय,’ असं म्हणून नाक मुरडायचा माझा विचार होता. पण चौकशी करता करता अशी अंडीपिल्ली बाहेर आली, की मुरडलेलं नाक तसंच राहिलं. अहो, थोरामोठ्यांच्या स्टुडिओतसुद्धा हेच धंदे!

‘स्टार वॉर्स’मधली ती लखलखणारी प्रकाशाची तलवार आठवते? नायकाला बापाची म्हणून मिळते, भावुक प्रसंग असतो. 1977च्या त्या सिनेमाच्या वेळी रॉजर ख्रिश्चन नावाच्या कलाकारानं लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानातल्या अडगळीतून जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्या शोधून काढल्या, त्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी बसवली, आणि झाली आकाशगंगेची पवित्र तलवार. याला म्हणे शिक्षा काय झाली? ऑस्कर! कलादिग्दर्शनाचं, त्या चमूबरोबर. आणि आज जुने कॅमेरे जमवणारे लोक कपाळाला हात लावून बसलेत, कारण त्या दांड्यांच्या किमती तलवारवाल्यांनी आभाळाला नेऊन भिडवल्या.

1999च्या ‘फँटम मेनेस’मध्ये लियाम नीसन गंभीर चेहऱ्यानं ज्या यंत्रावर बोलतो, ते कशाच्या साच्यातून आलं सांगू? बायकांच्या जिलेटच्या रेझरच्या. इतका मोठा नट, इतका मोठा सिनेमा, आणि हातात काय, तर रेझर! ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये कचऱ्यावर मोटार चालवणारी अणुभट्टी दाखवली आहे, ती म्हणजे क्रुप्स कंपनीचा कॉफी दळायचा ग्राइंडर. 1966च्या ‘स्टार ट्रेक’साठी मीठ खाणाऱ्या एका राक्षसाच्या भागाकरता वेगळ्याच घडणीच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या वेगळ्या, की बघणाऱ्याला मीठदाणी आहे हे कळायचंच नाही. मग टाकून द्यायच्या? छे! त्या गेल्या अंतराळयानातल्या डॉक्टरकडे आणि शस्त्रक्रियेची अत्याधुनिक उपकरणं म्हणून पुढे पडद्यावर वावरल्या.

इंग्रजांचं तर विचारूच नका. ‘डॉक्टर हू’ या मालिकेत 1963 साली विश्वाचा थरकाप उडवणारे डॅलेक आले, त्यांचा एक हात म्हणजे मोरी तुंबली की वापरायचा रबरी पंप. 1973 साली त्यांची प्रचंड फौज दाखवायची होती आणि पैसा नव्हता. मग काय केलं? खेळण्याच्या दुकानातले छोटे डॅलेक आणून रांगेत उभे केले. म्हणजे बघा, ज्या राक्षसावरून खेळणं निघालं, तेच खेळणं राक्षसाच्या जागी उभं राहिलं आणि त्याचा पगारसुद्धा द्यावा लागला नाही.

आणि 1980च्या ‘स्टार वॉर्स’मधला तो पळणारा माणूस! शहरात पळापळ झाली आहे, तो नारिंगी कपड्यांत धावतो आहे आणि काखेत काय धरलंय, तर घरगुती आइस्क्रीमचं भांडं. पडद्यावर जेमतेम एक-दोन क्षण. पण चाहत्यांच्या नजरेतून सुटेल तर शपथ. आता संमेलनांतून नारिंगी कपडे घालून, आइस्क्रीमची भांडी काखेत मारून माणसांचे थवे धावतात. शेवटी 2019च्या ‘मँडलोरियन’मध्ये त्याच आकाराच्या भांड्याला मौल्यवान धातू ठेवायची तिजोरी म्हणून मान मिळाला. भांडं चाळीस वर्षं टिकलं, की घराण्यात घ्यावंच लागतं.

बाल्कनीत नेमकं काय चालतं

आपल्याकडे मूळ नर्फ स्वस्त नाही. म्हणून इथल्या मंडळींनी शोध लावला तो पिचकारीचा. होळी-रंगपंचमी उलटली, की क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात बोहरी आळीत उरलेल्या पिचकाऱ्या मिळेल त्या भावानं निघतात. दुकानदाराला वाटतं, पुढच्या वर्षीची तरतूद करणारं काटकसरी गिऱ्हाईक आलं. त्याला काय माहीत, पाठीला टाकी बांधायची ती मोठी पिचकारी बघताना या माणसाच्या डोळ्यांसमोर भुतं पकडायचं यंत्र उभं आहे! टिकल्यांचं पिस्तूल, जत्रेतली प्लास्टिकची गदा, बुडबुड्यांची बंदूक, काही म्हणून सुटत नाही.

घरी आल्यावर पहिला विधी उघडण्याचा. स्क्रू काढले की आतली स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. हा नियमच आहे. मग जोडाची रेघ. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या दोन अर्धुकांच्या मधोमध एक बारीक उंचवटा राहतो, आणि खेळण्याचं खेळणंपण सगळ्यात आधी तोच चव्हाट्यावर आणतो. तो घासायचा. कंपनीचं नाव, ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही उठावाची अक्षरं, सगळं घासून सपाट करायचं. पेशव्यांच्या दरबारात वयाची अट छापलेली बंदूक कुणी पाहिली आहे का? खड्डे, स्क्रूची भोकं एम-सीलनं बुजवायची आणि वाळल्यावर पुन्हा घासायची. या घासण्याला अंत नाही. धूळ किती उडते ते घरातल्या बाईला विचारा. तोंडाला मास्क लावतात ते शहाणे, बाकीचे आठवडाभर खोकतात आणि हवेला दोष देतात.

मग प्रायमर. इथे आळस केला की पुढचं सगळं वाया. पिचकारीचं मऊ, मेणचट प्लास्टिक रंगाला धरून ठेवत नाही. नुसता स्प्रे मारला तर चार दिवसांत पापुद्रे निघतात, आणि नेमके संमेलनाच्या दिवशी निघतात. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. एकदम जाड मारला की ओघळ आलाच. त्यावर मॅट काळा. हा काळा रंग म्हणजे धातूची सावली.

आता खरी करामत ऐका. चंदेरी किंवा पितळी रंगात ब्रश बुडवायचा आणि तो कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा. मग त्या कोरड्या ब्रशानं खेळण्यावरून हलकेच फिरवायचं. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात, आणि बघता बघता प्लास्टिकचं लोखंड होतं. मी प्रत्यक्ष बघितलंय हो, अंगावर काटा आला. त्यानंतर तपकिरी-काळा रंग पाण्यात कालवून सगळ्यावर ओतायचा आणि लगेच फडक्यानं पुसायचा. वरचा निघतो, खाचेतला राहतो. हा झाला वर्षानुवर्षांचा मळ, दहा मिनिटांत.

इथवर कुणालाही जमेल. पुढे मात्र माणूस ओळखू येतो. कच्चा माणूस सगळीकडे सारखे ओरखडे काढतो. पक्का माणूस आधी हातात धरून विचार करतो, हे पिस्तूल ज्याचं होतं तो उजवा की डावखुरा? अंगठा कुठे टेकायचा? तिथला रंग झिजलेला हवा आणि खालचा धातू चकचकीत. नळीचं तोंड चामड्याच्या म्यानात घासतं, म्हणून झीज तिथे. बोट जिथे रोज फिरतं तिथे गंज धरतच नाही. गंज हवा स्क्रूच्या खाचेत आणि जिथे पाणी साचेल त्या कोपऱ्यात. मालक एकदा घोड्यावरून पडला होता, असं ठरवलं तर एका बाजूला खोल ओरखडा. म्हणजे जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या सवयी, त्याचे अपघात, त्याचा निष्काळजीपणा, हे सगळं बसून ठरवायचं. घरात कुणाचा वाढदिवस कधी, ते आठवत नाही, पण या काल्पनिक कप्तानाचा अंगठा कुठे टेकतो ते तोंडपाठ!

कागदालाही सोडत नाहीत. चाच्यांचा नकाशा हवा, तर साधा कागद काळ्या चहात भिजवायचा, वाळवायचा, कडा मेणबत्तीवर जराशा जाळायच्या. चहा पितात कमी आणि कागदाला पाजतात जास्त.

घरातली भांडणं

एवढं वेड म्हटल्यावर पंथ पडणारच. एक पंथ दहा फुटांवाल्यांचा. दहा फुटांवरून चांगलं दिसलं की पुरे, जवळ येणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर यावं. दुसरा पंथ कर्मठांचा. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखताच्या शिपायांची एक जागतिक संघटना 1997 पासून आहे, 501वी लीजन तिचं नाव. तिथे दाखल व्हायचं तर चिलखताचा प्रत्येक भाग सिनेमातल्यासारखा आहे की नाही हे फोटो मागवून तपासतात. पट्टा कसा, हातमोजे कसे, शिरस्त्राणावर रेघा किती, सगळं. स्थळं बघतानासुद्धा आपल्याकडे एवढी चौकशी करत नाहीत. बरं, एवढा कर्मठपणा करून ही माणसं करतात काय, तर हॉस्पिटलातल्या मुलांना भेटायला जातात, सामाजिक कामांसाठी पैसा उभा करतात. म्हणजे धड नावंही ठेवता येत नाहीत.

स्टीमपंकवाल्यांत भांडण आहे ते चक्रांवरून. जुन्या घड्याळांची दातेरी चक्रं आणायची आणि दिसेल तिथे चिकटवायची, ही नवशिक्यांची खोड. टोपीवर चक्र, चष्म्यावर चक्र, पिस्तुलावर तीन. एक चक्र दुसऱ्याला लागत नाही, फिरत नाही, फिरवत नाही. जाणकार विचारतात, ‘हे काय काम करतं?’ उत्तर नसतं. या चिकटवेगिरीची टर उडवणारं एक इंग्रजी गाणंसुद्धा 2011 साली निघालं आणि स्टीमपंकवाल्यांनीच ते डोक्यावर घेतलं.

आणि आता थ्रीडी प्रिंटरवाले आलेत. यांना खेळणं लागतच नाही. संगणकावर आकार काढला, यंत्र रात्रभर घरघरलं, सकाळी बंदूक तयार. जुने लोक म्हणतात, ही फसवणूक आहे. पण मजा अशी, की प्रिंटरमधून निघालेल्या वस्तूवर थरांच्या बारीक रेघा असतात, आणि त्या घालवायला शेवटी काय लागतं? पॉलिश पेपर! तोच प्रायमर, तोच कोरडा ब्रश, तोच खोकला. लाखभर रुपयांचं यंत्र घ्या नाहीतर जत्रेतली गदा, घासणं कुणाला चुकलेलं नाही.

हिशेब सांगते म्हटलं होतं. पिचकारी दोनशेची. त्यावर प्रायमरचा डबा, काळा स्प्रे, चंदेरी स्प्रे, चार अॅक्रिलिक रंग, ब्रश, एम-सील, मास्क, पॉलिश पेपरच्या चार जाती, चामड्याचा पट्टा. पट्ट्याला बक्कल. बक्कल फार नवं दिसतं म्हणून त्याला गंज. गेले तीन हजार, आणि तरी हा माणूस भेटेल त्याला सांगणार, ‘दोनशे रुपयांत केलं!’ साडीची किंमत नवऱ्याला कमी सांगण्याचं पाप आपल्याच माथी मारलं जातं, हे पुढच्या वेळी ध्यानात ठेवा.

एक गोष्ट मस्करीची नाही

खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी रंग असतो तो शोभेचा नसतो. अमेरिकेत 1988च्या कायद्यानं अशा खेळण्यांवर ही खूण सक्तीची केली, कारण पोलिसाला क्षणात ओळख पटली पाहिजे. 2014 साली क्लीव्हलंड शहरात 12 वर्षांच्या एका मुलाला पोलिसानं गोळी घातली. त्याच्याकडे खेळण्यातलंच पिस्तूल होतं आणि त्याचं नारिंगी टोक निघालेलं होतं. म्हणून या छंदातले जाणते लोक टोक नारिंगीच ठेवतात, किंवा आकार आणि रंग असा करतात की कुणाला खऱ्याचा संशय येऊ नये. रस्त्यानं जाताना प्रॉप पिशवीत असतो, आणि संमेलनाच्या दारात तो आधी तपासायला देतात. आपल्याकडे स्टेशनवर, मेट्रोत, विमानतळावर तर झाकून नेणं आणि विचारल्यावर वाद न घालणं, हाच शहाणपणा. विमानात तर असलं काही हातातल्या सामानात नेऊच नये. सुरक्षारक्षकाला तुमचा कोरडा ब्रश दाखवून उपयोग नसतो.

आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे

हे सगळं परदेशी थेर म्हणून झटकून टाकायला मला फार आवडलं असतं. पण आपला बहुरूपी काय करायचा? खाकी कपडे, कसलासा बिल्ला, हातात जुनी वही, आणि दारात येऊन थाटात अटकेचा हुकूम वाचायचा. पोरं घाबरायची, मोठी हसायची, आणि शिधा मिळायचा. कोकणातली दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन गावोगाव हिंडतात, स्वतःचा रंग स्वतः लावतात, आणि देवळासमोरच्या उजेडात लाकडी तलवार खणखणल्याचा भास झाला नाही असा माणूस मला दाखवा. जव्हारकडच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढले, की कालपर्यंत शेजारी बसून तंबाखू मळणारा माणूस देव होतो. बेगड म्हणून जो चमचमता कागद आपण मखराला, मुकुटाला लावत आलो, तो तरी दुसरं काय करत होता?

आणि गॅदरिंग! शाळेच्या वेषभूषा स्पर्धेच्या आदल्या रात्री आठ वाजता ‘आई, उद्या मला झाशीची राणी व्हायचंय’ हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं नाही ते घर विरळाच. पूर्वी त्या रात्री पुठ्ठा निघायचा, खळ शिजायची, चॉकलेटचा चंदेरी कागद जपून ठेवलेला असायचा. तलवार वाकडी व्हायची, पण व्हायची घरात. आता भाड्याचा पोशाख येतो, दोन मापं मोठा, आधीच्या पाच राण्यांच्या घामाचा वास असलेला. राणी कंबर धरून स्टेजवर येते, चार ओळी म्हणते, आणि पोशाख संध्याकाळच्या आत परत करायचा असतो. त्यापेक्षा बाल्कनीतला तो उद्योग बरा, असं म्हणायची वेळ माझ्यावर आली आहे. कारण तिथे निदान बाप आणि मुलगी मिळून राणीचा अंगठा मुठीवर कुठे टेकत असेल, याची चर्चा करत असतात. इतिहासाच्या तासाला कुणी एवढं विचारलं होतं?

वस्तू कशाची केली आहे याला फारसा अर्थ नसतो, हे त्या मंडळींना पक्कं कळलंय. ती कुणीतरी वापरली आहे असं वाटलं पाहिजे. झीज दिसली की माणसाचा विश्वास बसतो. पांढरेशुभ्र केस असले की आपण सल्ला ऐकतो, आणि फाटकी पोथी असली की हात जोडतो, भले आत काही का लिहिलेलं असेना.

पटत नसेल तर आमच्याच सोसायटीत परवा काय घडलं ते ऐका. जिन्यात स्प्रेचा वास येतो म्हणून तक्रारी गेल्या. सेक्रेटरीसाहेबांनी कोऱ्या कागदावर नोटीस छापून फलकावर लावली: ‘सामाईक जागेत खेळण्यांस रंग मारण्यास सक्त मनाई आहे.’ आठवडाभर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सोमवारी सकाळी बघतो तर त्याच नोटिशीचा कागद तपकिरी पडलेला, कडा जळक्या, घड्या झिजलेल्या, आणि खाली लाखेसारखी लाल मोहोर. थेट शनिवारवाड्यावरून आल्यासारखी! वाचायला ही गर्दी. सी विंगमधल्या काकांनी तर हात जोडूनच वाचली. चेअरमन संतापून म्हणाले, ‘काढा हे आधी!’ तर सेक्रेटरी आडवे आले. म्हणाले, ‘असू द्या साहेब. दहा वर्षं नोटिसा लावतोय, पहिल्यांदाच लोक वाचतायत. पाण्याच्या बिलाचीही यांच्याकडूनच करून घेऊ.’